वूफरचं तोंड कुठे करायचं?

गाडीच्या डिकीत सबवूफर बसवायचं ठरलं की खर्चाचा वाद पहिल्याच दिवशी मिटतो. ज्याच्या खिशात जेवढे, तेवढे. दुसरा वाद मात्र वर्षानुवर्षं चालतो. वूफरचं तोंड कुठे करायचं? एक गट म्हणतो, मागे, डिकीच्या दाराकडे. दुसरा म्हणतो, अरे, ऐकणारी माणसं पुढे बसलीत आणि तू दाराला गाणं ऐकवतोस? तिसऱ्या गटाचा वूफर आभाळाकडे बघत असतो. शिवाय प्रत्येक गटाकडे एक मित्र असतो, ज्याने ‘सेम असंच केलंय आणि छाती दणाणते’.

गंमत म्हणजे तिन्ही गट आपापल्या गाडीत खरे असू शकतात. बोलताना सगळे डब्याबद्दल बोलतात, पण बेस घडतो तो डब्याभोवतीच्या पत्र्यात, काचांत आणि मोकळ्या जागेत. हे लोकांच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. गाडीत बेस हवा, हेच मुळात फार उशिरा ठरलं.

जून १९३० मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन भरलं होतं. शिकागोचे पॉल गॅल्विन तिथे स्वतःची गाडी घेऊन गेले. आत त्यांचा स्टॉल नव्हता. त्यांनी गाडी बाहेर उभी केली, तिच्यातला रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ऑर्डरी घेतल्या. रेडिओचं नाव होतं मोटोरोला. मोटारीतला ‘मोटर’ आणि त्या काळातल्या वाजणाऱ्या यंत्रांच्या नावात हमखास असायचा तो ‘ओला’. पुढे कंपनीचंही नाव तेच पडलं. तुमच्या आईबाबांचा पहिला मोबाइल कदाचित त्याच नावाचा असेल.

त्या रेडिओत बेस नव्हता, आणि तो कुणी मागितलाही नव्हता. एकच छोटा स्पीकर, व्हॉल्व्हवर चालणारं यंत्र, आणि समोर इंजिनाची घरघर. बातम्या देणाऱ्याचा आवाज त्या घरघरीच्या वर आला की पैसे वसूल. गाडीच्या गोंगाटात टायर, इंजिन आणि वारा यांचा जो वाटा असतो, तो बहुतांश खालच्या पट्टीतला असतो. म्हणजे जिथे गाण्यातला बेस असतो, बरोबर त्याच जागी रस्ता आधीच बसलेला असतो. चालत्या गाडीत बासरी ऐकू येते, गायिका ऐकू येते, आणि डग्गा कुठेतरी रस्त्यात सांडतो.

यात आपल्या कानांचीही चूक आहे. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी लोकांना हेडफोन घालून बसवलं, वेगवेगळ्या पट्ट्यांतले सूर ऐकवले आणि विचारलं, हा त्याच्याइतकाच मोठा वाटतोय का? त्यातून जे आलेख निघाले त्यांचा अर्थ साधा होता. आपला कान मधल्या पट्टीला तिखट आणि खालच्या पट्टीला मठ्ठ आहे. १००० हर्ट्झचा सूर जवळपास शून्य डेसिबलला कळतो. ४० हर्ट्झचा सूर नुसता असल्याचं कळायलाच सुमारे ५० डेसिबल लागतात. हे आलेख लक्षात ठेवा. पुढे ते आवाज मोजणाऱ्या सरकारी माणसाच्या हातात सापडणार आहेत.

तेव्हा बेस हा घरात बसून ऐकण्याचा चैनीचा पदार्थ होता, आणि त्याला भलीमोठी जागा लागायची. पेपर कोन आणि चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी, हे आजच्या स्पीकरचं मूळ रूप १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी मांडलं होतं. पण असा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच खेचतो. खालच्या पट्टीत या दोन लाटा वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि हिशेब शून्य होतो. म्हणून मोठं कपाट हवं. आर्कन्सा राज्यातल्या होप गावच्या पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात यावर डोकेबाज तोड काढली. त्यांनी स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात कोंबला आणि दोन भिंती व जमीन यांनाच भोंग्याचा पुढचा भाग बनवलं. कोपरा हाच यंत्राचा सुटा भाग. वूफरच्या तोंडाच्या वादाचा आद्य पुरुष मी त्यांनाच मानतो. डबा कुठे ठेवला यावर तो काय बोलेल हे ठरतं, ही गोष्ट त्यांनी विकण्यासारखी केली.

दुसरी गोष्ट केली एडगर व्हिलचर यांनी. १९५४ मध्ये त्यांनी छोटी, हवाबंद पेटी आणली. आत कोंडलेली हवाच कोनाची स्प्रिंग. कपाटाएवढा बेस पुस्तकाच्या शेल्फवर मावू लागला. नंतर ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या सगळ्याचं गणित बसवलं. अमुक स्पीकरला तमुक लिटरची पेटी, हे तेव्हापासून कागदावर काढता येऊ लागलं. आज डिकीसाठी पेटी बनवणारा सुतारकाम करणारा पोरगा फोनवरच्या अॅपमध्ये जे आकडे भरतो, ते याच दोघांच्या नावाने ओळखले जातात.

गाडीत मात्र अजून कोरडंच होतं. बिल लिअर यांनी (हो, तेच, जेट विमानवाले, आणि गॅल्विन यांच्या सुरुवातीच्या रेडिओतही त्यांचा हात होता) १९६४ मध्ये आठ ट्रॅकची टेप काढली. फोर्डने ती १९६६ च्या मॉडेलांत दिली. मग कॅसेट आली. गाणं तुमच्या निवडीचं झालं, स्टीरिओ झालं, पण दणका नाही. कारण विजेचं होतं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. त्या व्होल्टेजवर थेट चालणारा अँप्लिफायर चार ओहमच्या स्पीकरला जेमतेम १८-२० वॉट खरे देऊ शकतो. डॅशबोर्डवरच्या स्टीरिओवर आजही ‘५० गुणिले ४’ लिहिलेलं असतं. ते मनावर घेऊ नका. बेसला ताकद लागते, आणि ती मिळाली १९७० च्या दशकात. अॅरिझोनातल्या जिम फॉसगेट यांच्यासारख्या लोकांनी गाडीसाठी वेगळे अँप्लिफायर बनवायला घेतले. असा अँप्लिफायर बॅटरीचे १२ व्होल्ट आधी चढवून घेतो आणि मग स्पीकरला देतो. बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत ओढलेली ती जाड लाल वायर ही त्या काळाची देणगी.

आणि जागा मिळाली ती डिकीत. दुसरीकडे कुठे मिळणार?

आता या डिकीत काय घडतं ते जरा निवांत बघू.

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेआठ मीटर. २० हर्ट्झची सतरा मीटर. आणि तुमची हॅचबॅक? पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत आतून मोजली तर पावणेतीन मीटरच्या आसपास. लाट गाडीपेक्षा लांब. ती गाडीत ‘जात’ नाही, कारण जायला जागाच नाही. ती पूर्ण व्हायच्या आत सगळीकडे पोचलेली असते. अर्धी लाटसुद्धा मावत नाही इतकी पट्टी खाली गेली (पावणेतीन मीटरच्या गाडीत हे साधारण ६० हर्ट्झला होतं) की गाडी खोलीसारखी वागणं सोडून सायकलच्या पंपासारखी वागू लागते. कोन पुढे आला की सगळ्या गाडीतल्या हवेचा दाब एकदम वाढतो, मागे गेला की एकदम घटतो. पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर, सगळीकडे एकाच वेळी.

यातून एक नफा होतो, आणि तो घरात सहसा एवढा मिळत नाही. गाडी पूर्ण बंद आणि पत्रा अगदी ताठ असता तर त्या सीमेच्या खाली पट्टी निम्मी झाली की दाब १२ डेसिबलने वाढला असता. खऱ्या गाडीत दारांच्या रबरांतून, फटींतून गळती असते, छत फुगतं, त्यामुळे एवढा मिळत नाही, पण बराच मिळतो. आता व्हिलचर यांची हवाबंद पेटी आठवा. तिचा बेस तिच्या मर्यादेच्या खाली पट्टी निम्मी झाली की १२ डेसिबलनेच पडतो. एक पडतो त्याच चालीने दुसरं चढतं. हे दोघं ठरवून भेटले नव्हते. पण घरात ज्या पेटीला लोक ‘हिच्यात खालचं काहीच नाही’ म्हणून नाक मुरडतात, तीच डिकीत गेल्यावर तळ गाठते, ती याच जमाखर्चामुळे.

याचा एक पुरावा तुम्ही फुकट घेतलेला आहे. हायवेवर ऐंशीच्या वेगात फक्त मागची एक काच खाली केली की कानात जे ‘वुप वुप वुप’ सुरू होतं, ते काय असतं? रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी गाडी वाजत असते. काच म्हणजे बाटलीचं तोंड, केबिन म्हणजे पोट. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात अशा पोकळ भांड्यांच्या आवाजाचा अभ्यास मांडला. तेव्हा मोटारगाडी जन्माला यायची होती. दुसरी एक काच खाली केली की ती धडधड बसते. वूफर नाही, वायर नाही, नुसता पत्र्याचा डबा आणि वारा.

मग इतक्या लांब लाटेला वूफरचं तोंड कुठे आहे याने काय फरक पडतो? तोंडाने खरोखरच फारसा पडत नाही. कोन बारा इंचाचा, लाट काही मीटरची. एवढ्याशा कोनाला एवढी लाट एका दिशेला फेकता येत नाही. ती चहूकडे पसरते, डब्यामागेही वळते. ‘बेस पुढच्या माणसांकडे वळवला’ असं म्हणणं म्हणजे पंख्याचं तोंड फिरवल्यासारखं तापमान फिरवायला जाणं.

तरीही तोंड फिरवल्यावर आवाज बदलतो. कुठल्याही कारागिराला विचारा. त्याचे कान खोटं बोलत नाहीत. बदललेली गोष्ट वेगळी असते. तोंड फिरवलं की कोन आणि मागचा पत्रा यांच्यातलं अंतर बदलतं.

हे अंतराचं गणित १९७४ मध्ये अमेरिकेतल्या रॉय अॅलिसन यांनी घरातल्या स्पीकरसाठी नीट मांडलं. भिंतीजवळच्या स्पीकरची लाट भिंतीवर आपटून परत येते. ते अंतर लाटेच्या पाव भागाएवढं असेल, तर जाऊन-येऊन अर्ध्या लाटेचा उशीर होतो, आणि परत आलेली लाट मूळ लाटेच्या बरोबर उलटी पडते. दोघी एकमेकींना खातात. त्या पट्टीत आवाजाला खड्डा पडतो. त्यांनी लिहिलं भिंतींबद्दल, पण डिकीचं दार ही पण एक भिंतच.

आकडे घालून बघू. पेटी मागच्या सीटच्या पाठीला टेकवली, तोंड पुढे. कोनापासून निघालेली लाट वळसा घेऊन मागच्या दारापर्यंत समजा एक मीटर जाते. एक मीटर हा पाव भाग, म्हणजे पूर्ण लाट चार मीटरची, म्हणजे ८६ हर्ट्झ. खड्डा तिथे. आणि ती जागा फार मोलाची आहे. ड्रमचा ठोका, ढोलकीच्या डाव्या अंगाचा घुमार, डग्ग्याचं भरलेपण, सगळं त्याच शेजारात राहतं. आता तीच पेटी मागे सरकवली, तोंड दाराकडे, मध्ये १५ सेंटिमीटर. त्याच हिशेबाने खड्डा ५७० हर्ट्झच्या पुढे जातो, आणि वूफर तिथे वाजतच नाही. खड्डा गेला. वर दार, फरशी आणि बाजूचा पत्रा मिळून क्लिप्श यांचा कोपरा तयार झाला. लोक म्हणतात, ‘तोंड मागे केलं आणि बेस दुप्पट झाला.’

सेदानमध्ये हे सगळं बिघडतं, कारण डिकी आणि केबिन यांच्यात सीट, फोम आणि बऱ्याचदा पत्र्याची भिंत असते. तिथे काही गाड्यांत मागच्या हातटेकणीचा झरोका उघडून त्यालाच तोंड लावलेलं जास्त चालतं. म्हणून म्हटलं, तिन्ही गट खरे असू शकतात.

आणखी एक घोळ असतो तो दारांतल्या स्पीकरांशी. ८० हर्ट्झच्या आसपास वूफर आणि दारातले स्पीकर दोघंही वाजत असतात. त्या लाटेची लांबी ४.३ मीटर. तोंड फिरवून वूफरची वाट मीटर-दोन मीटरने लांबली की तो दारातल्यांशी हातमिळवणी करायचा तो भांडायला लागतो, किंवा उलट. अँप्लिफायरवर ‘० / १८०’ असं छोटं बटण असतं, ते याच भांडणासाठी. एवढी जड पेटी उचलून फिरवण्याआधी ते बटण फिरवून बघावं, कंबर वाचते.

मी हे माझ्या हॅचबॅकमध्ये एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून पाहिलं. फोनवर सूर काढणारं अॅप, ३० ते १०० हर्ट्झ, दर दहाला एक सूर, आणि पेटीच्या तीन जागा. पेटी पुढे असताना ऐंशी-नव्वदला गाडी चक्क गप्प झाली. मागे सरकवल्यावर तोच सूर परत आला. ३० आणि ४० ला मात्र तिन्ही जागांत मला फरक सांगता आला नाही. पंपाला कुठूनही दाबा, हवा तीच. नंबर प्लेट तेवढी खडखडत होती, आणि खरं सांगायचं तर बेस कुठून येतोय हे कानाला तिच्यामुळेच कळत होतं. एवढ्या खालच्या सुराची दिशा कान ओळखू शकत नाही. खडखडणारी वस्तू चुगली करते.

(सीएनजीवाल्यांनी इथपर्यंत वाचलं असेल तर त्यांना साष्टांग नमस्कार. तुमच्या डिकीत टाकी आहे. तुमच्यासाठी सीटखालचे चपटे वूफर निघालेत. ते खोल जात नाहीत, पण अंतराचे हे लफडे त्यांना कमी पडतात, कारण ते तुमच्या अगदी जवळ असतात.)

१९८० च्या दशकात या ज्ञानाच्या दोन शाखा फुटल्या, आणि मला त्यांच्यातला फरक फार बोलका वाटतो. एक शाखा कारखान्यात गेली. अमर बोस हे एमआयटीतले प्राध्यापक. त्यांचे वडील बंगाली क्रांतिकारक, इंग्रजांना चुकवून अमेरिकेला गेलेले. बोस यांच्या लक्षात आलं की घरापेक्षा गाडी सोपी आहे. घरात सोफा कुठे असेल सांगता येत नाही. गाडीत माणसाचं डोकं कुठे असणार, काच कुठे, गादी कुठे, सगळं आधीच ठरलेलं. मग स्पीकर त्या एकाच गाडीसाठी का घडवू नये? जनरल मोटर्सच्या १९८३ च्या कॅडिलॅकसारख्या महागड्या मॉडेलांत ही सिस्टीम आली. सगळं पत्र्याआड, दिसत काही नाही, बाहेर फार येत नाही.

दुसरी शाखा मायामीत फुटली, आणि तिला लपायचंच नव्हतं. तिथल्या लिबर्टी सिटीसारख्या काळ्या वस्त्यांत फिरते डीजे गट बागांमध्ये स्पीकरच्या भिंती उभ्या करत. यात कॅरिबियन बेटांचं, विशेषतः जमैकाच्या साऊंड सिस्टीमचं रक्त होतं. पुढे ‘टू लाइव्ह क्रू’मुळे गाजलेले ल्यूथर कॅम्पबेल यांचे वडीलही जमैकाचे. या मंडळींच्या हाती एक जपानी यंत्र लागलं. रोलँड कंपनीचं टीआर-८०८, १९८० मध्ये आलेलं, १९८३ मध्ये बंद झालेलं. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही म्हणून ते फारसं चाललं नव्हतं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळे. पण त्या ढोलाला एक बटण होतं. ते फिरवलं की ठोका विझायचा थांबे आणि ५० हर्ट्झच्या आसपासची एक लांब, शुद्ध, गोल गुरगुर मागे उरे.

५० हर्ट्झ. म्हणजे बरोबर तिथे, जिथे गाडी खोली राहत नाही आणि पंप होते. गाडीच्या पत्र्याने ज्या पट्टीत फुकट दाब द्यावा, नेमक्या त्याच पट्टीत गाणारं यंत्र. मायामी बेस या संगीतप्रकाराचं गाडीशी जे नातं जडलं त्याची अर्धी कारणं माझ्या मते या एका आकड्यात आहेत. उरलेली अर्धी माणसांत आहेत. ज्या पोराला क्लबच्या दारावर अडवतात, ज्याच्या घरात मोठ्याने लावायला वेगळी खोली नाही, त्याची स्वतःची म्हणावी अशी बंद जागा एकच असते, आणि ती चार चाकांवर असते. नव्वदच्या दशकात तर नुसते बेसचेच अल्बम निघाले. गाणं नावापुरतं, बाकी वूफरची परीक्षा.

परीक्षेवरून पुढे स्पर्धा निघाल्या. कुणाच्या गाडीत सर्वात जास्त डेसिबल. तिथे सीटा काढून टाकल्या गेल्या, दारांत सिमेंट भरलं गेलं, काचा जाड झाल्या. पंपातून गळती नको ना. शेवटी अशा गाड्या झाल्या ज्यांत बसून कुणी काही ऐकू शकत नाही. आत फक्त मायक्रोफोन. हा प्रकार मला कधी भावला नाही, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो सरळ रेषेचा शेवट आहे.

आता गाडीच्या बाहेर येऊ, कारण बेस केव्हाच आलाय.

पत्रा आणि काच वरच्या पट्टीला चांगलं अडवतात. खालच्या पट्टीला अडवायला वजन लागतं, आणि गाडीच्या दारात ते नाही. म्हणून बाहेर उभ्या माणसाला गाणं येत नाही, शब्द येत नाहीत, नुसतं ‘धुम… धुम’ येतं. त्या रविवारी माझ्या तासाभराच्या प्रयोगानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं होतं, “अरे, टाकीचा पंप बिघडलाय का रे? भांडी वाजतायत माझी.” त्यांच्यापर्यंत संगीत पोचलंच नव्हतं. आतल्याला जी मैफल, ती बाहेरच्याला बिघडलेली मोटर. माझ्या मते या विषयातली खरी दिशा हीच आहे. तोंड कुठेही करा, काकूंच्या मांडणीपर्यंत सारखंच पोचतं.

फ्लोरिडाने यावर कायदा केला होता. गाडीतला आवाज २५ फुटांवर ‘स्पष्ट ऐकू’ आला की दंड. मीटर नाही, पोलिसाचा कान पुरे. आणि नियमांत एक ओळ खास बेससाठी होती. गाण्याचे शब्द किंवा नाव कळायची गरज नाही, तालातला घुमणारा बेस जाणवला तरी तो ‘स्पष्ट ऐकू आला’ असं समजावं. २००७ मध्ये एका वकिलाला अशी चिठ्ठी मिळाली आणि तो लढला. डिसेंबर २०१२ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कारण वाचण्यासारखं आहे. त्या कायद्यात धंद्याच्या आणि राजकीय प्रचाराच्या गाड्यांना सूट होती. प्रचाराचा भोंगा चालतो आणि पोराचं गाणं चालत नाही, तर मग तुम्ही आवाज तोलत नाही, मजकूर तोलताय, असं न्यायालय म्हणालं. आपल्याकडे निवडणुकीच्या महिन्यात रिक्षावर बांधलेले कर्णे ज्याने ऐकलेत त्याला हे समजावून सांगायला नको.

आपल्याकडचा कायदा कानावर विसंबत नाही, मीटरवर विसंबतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पण त्या आकड्यापुढे कंसात ‘ए’ असतो, आणि इथे १९३३ चे ते आलेख परत येतात. कान खालच्या पट्टीला मठ्ठ, म्हणून मीटरनेही तसंच मठ्ठ व्हावं, असं फ्लेचर-मन्सन यांच्या हळू आवाजाच्या आलेखावरून ठरलं आणि त्याला ‘ए’ मोजणी म्हणतात. ही मोजणी ४० हर्ट्झला जवळजवळ ३५ डेसिबल वजा करते. म्हणजे ९० डेसिबलचा ४० हर्ट्झचा सूर मीटरवर ५५ दिसतो. कागदोपत्री दिवसाच्या मर्यादेत. कानाला तो फार मोठा वाटत नाही हे खरंच, पण काच आणि भांडं यांना कान नसतात. त्यांना ९० च लागतात. शिवाय घराच्या भिंती वरचं सगळं गाळून हेच आत सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात म्हटलंच होतं की खालची पट्टी जोरात असेल तिथे एकट्या ‘ए’ मोजणीवर विसंबू नये.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या भिंतीशी डॉल्बी कंपनीचा काही संबंध नाही. थिएटरच्या पाट्यांवरून नाव उचललं आणि ते चिकटलं. दर गणपतीत डॉल्बीवर कारवाईच्या बातम्या येतात, आकडे छापून येतात, मंडळवाले म्हणतात आम्ही मर्यादेत होतो, रहिवासी म्हणतात आमच्या खिडक्या हलत होत्या. कर्ण्याचा कर्कश्शपणा त्या मीटरला पकडता येतो आणि तो बहुतेकदा पकडतोही. ट्रॅक्टरवर रचलेल्या अठरा इंची वूफरांचा जो भाग छातीत आणि खिडकीत जातो, तो मात्र त्या आकड्यात फार थोडा उतरतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात, डिकीच्या वादातल्या तीन गटांसारखेच.

आवाज मोजणाऱ्या बऱ्याच अॅपमध्ये ‘ए’च्या शेजारी ‘सी’ असं दुसरं बटण असतं. ‘सी’ मोजणी ४० हर्ट्झला फक्त दोनेक डेसिबल वजा करते. फोनचा माइक काही सरकारी मीटर नाही, खालच्या पट्टीत तो स्वतःच थोडा बहिरा असतो. तरी पुढच्या वेळी डॉल्बी गल्लीत शिरला, किंवा तुमच्याच मित्राची गाडी खाली उभी राहिली, की गॅलरीत जाऊन दोन्ही बटणं एकामागोमाग दाबून बघा. दोन आकड्यांत जो फरक दिसेल, तेवढा बेस आहे.